अ‍ॅस्टेरँक: लघुग्रहांच्या खाणींचे भावपत्रक, एका खाणवाल्याच्या नजरेतून

अ‍ॅस्टेरँक या संकेतस्थळावरील ‘सर्वाधिक किफायतशीर’ लघुग्रहांच्या यादीत रयुगू हे नाव अगदी वरच्या ओळींत येते. त्याच्यापुढे अंदाजे मूल्य सुमारे ८,३०० कोटी डॉलर, अंदाजे नफा सुमारे ३,००० कोटी डॉलर आणि तिथवर पोहोचण्यासाठी लागणारा वेगबदल सेकंदाला ४.६६ किलोमीटर, असे आकडे ओळीने मांडलेले असतात. ज्याची उभी नोकरी खाणींचे प्रकल्प अहवाल तयार करण्यात आणि दुसऱ्यांनी केलेले तपासण्यात गेली, अशा माझ्यासारख्या माणसाची नजर या ओळीत नफ्यावर थांबत नाही; ती टन शोधते. दगड किती टन, टनामागे माल किती, टनामागे खर्च किती. अ‍ॅस्टेरँकच्या मुख्य तक्त्यात टनांचा रकानाच नाही, आणि या परीक्षणातले माझे बरेचसे म्हणणे त्या एका गैरहजर रकान्याविषयी आहे.

प्रथम ही सेवा काय आहे ते सांगतो. इयन वेबस्टर या संगणक अभियंत्याने २०१२च्या सुमारास ती उभी केली. नासाच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीची लघुपिंडांची माहिती आणि मायनर प्लॅनेट सेंटरच्या नोंदी एकत्र करून सहा लाखांहून अधिक लघुग्रहांची ही सूची बनवलेली आहे. लघुग्रहाच्या प्रकाशाच्या वर्णपटावरून त्याचा प्रकार, प्रकारावरून पृथ्वीवर पडलेल्या तशा अशनींचे घटक, घटकांवरून बाजारभाव आणि बाजारभावावरून मूल्य, अशी ही साखळी आहे. वापरासाठी पैसे नाहीत, नावनोंदणी नाही, आणि संगणकसंहिताही खुली आहे. एखाद्या नावावर टिचकी मारली की त्या लघुग्रहाची कक्षा पृथ्वीच्या आणि मंगळाच्या कक्षांसह त्रिमितीत फिरताना दिसते. हा भाग खरोखर सुरेख जमलेला आहे आणि शाळेतल्या मुलांना दाखवायला, तेवढ्यासाठीही ही सेवा उघडावी.

२०१३मध्ये प्लॅनेटरी रिसोर्सेस या अमेरिकी कंपनीने अ‍ॅस्टेरँक विकत घेतले. लघुग्रहांवर खाणकाम करण्याचा मनसुबा २०१२मध्ये जाहीर करणारी हीच ती कंपनी. पाण्याचा मागोवा घेऊ शकेल अशा अवरक्त कॅमेऱ्याची चाचणी करणारा तिचा आर्किड-६ हा छोटा उपग्रह १२ जानेवारी २०१८ रोजी आपल्याच श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी४०वर गेला होता, हे फारसे कोणाच्या लक्षात नाही. त्याच वर्षी कंपनीचा पैसा आटला आणि ऑक्टोबरमध्ये ती कॉन्सेन्सिस या ब्लॉकचेन कंपनीच्या पदरात गेली. खाण काढणारे गेले. खाणींचे भावपत्रक मागे राहिले.

माझा आणि या भावपत्रकाचा संबंध आला तो भाचीमुळे. तिच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात चार जणांच्या गटाला ‘लघुग्रहावरील व्यावसायिक खाणउद्योगाचा आराखडा’ हा प्रकल्प मिळाला होता, आणि ती नागपूरला आली ती रयुगूची ओळ छापलेला कागद घेऊनच. “मामा, नफा तर दिलेलाच आहे, आता फक्त खाण तेवढी आखून द्या,” असे तिचे म्हणणे होते. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, असे मी म्हणालो ते तिला फारसे आवडले नाही. म्हणून आम्ही कागदावर एक साधा भागाकार केला.

रयुगूचे वस्तुमान आता अंदाजाचा विषय राहिलेले नाही. जपानचे हायाबुसा-२ हे यान जून २०१८मध्ये तिथे पोहोचले, जवळपास दीड वर्ष तिथे राहिले, आणि त्याने मोजलेले वस्तुमान सुमारे ४५ कोटी टन आहे. ८,३०० कोटी डॉलरना ४५ कोटी टनांनी भागले की टनामागे १८४ डॉलर येतात. एवढेच. बंदरावर पोहोचलेल्या चांगल्या प्रतीच्या लोहखनिजाला गेली काही वर्षे टनामागे १०० डॉलरच्या आगेमागे भाव आहे. म्हणजे यादीत अग्रभागी असलेल्या या लघुग्रहाचा दगड, त्यातला कण न् कण विकला गेला असे धरूनही, लोहखनिजाच्या दुपटीलासुद्धा पोहोचत नाही. शिवाय तो तीन हजार कोटींचा नफा मिळवायचा तर ४५ कोटी टन, म्हणजे जवळपास नऊशे मीटर व्यासाचा अख्खा डोंगर, उकरून संपवावा लागेल. इतक्या टनांचे खाणकाम पृथ्वीवर, रेल्वेलाइन शेजारी असतानाही, कित्येक वर्षांचे काम असते.

मग आम्ही तोच भागाकार बेन्नू या दुसऱ्या लघुग्रहासाठी केला, आणि इथे ही सेवा मला खऱ्या अर्थाने कच्ची वाटली. बेन्नूचे मूल्य यादीत सुमारे ७० कोटी डॉलर आहे. नासाच्या ओसायरिस-रेक्स यानाने मोजलेले त्याचे वस्तुमान सुमारे ७.३ कोटी टन. टनामागे दहा डॉलरही येत नाहीत. एकीकडे १८४ आणि दुसरीकडे दहाच्या आत, म्हणजे हे दोन दगड एकमेकांपासून फारच वेगळे असले पाहिजेत, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात दोन्ही ठिकाणचे नमुने आज प्रयोगशाळांत आहेत आणि दोन्ही एकाच घराण्यातले निघाले आहेत: पाण्याने भिजून बदललेली चिकणमातीसारखी खनिजे, कार्बन, लोहयुक्त खनिजे, आणि सर्वांत जुन्या कार्बनयुक्त अशनींशी जवळचे नाते. तरीही यादीत रयुगूच्या मालात निकेल, कोबाल्ट आणि पाणी आहे, तर बेन्नूच्या मालात लोखंड, हायड्रोजन, अमोनिया आणि नायट्रोजन; पाणी नाहीच. वर्णपटाच्या वर्गीकरणात एका अक्षराचा फरक पडला की घटकांचा साचा बदलतो आणि साचा बदलला की भाव जवळपास वीसपट हलतो. याला मी अंदाज म्हणणार नाही.

आमच्या क्षेत्रात या गोष्टीला ठरलेली शिस्त आहे. भारतीय खाण ब्यूरोचे मुख्यालय नागपुरातच असल्यामुळे ती शिस्त मी जरा जवळून पाहिली आहे. खनिजाच्या पुराव्यांविषयीच्या २०१५च्या नियमांत शोधकार्याच्या चार पायऱ्या आहेत: जी-४ म्हणजे केवळ प्राथमिक टेहळणी आणि तिथून चढत जी-१ म्हणजे सविस्तर शोध. जी-४साठीसुद्धा कोणीतरी जमिनीवर जाऊन दगड फोडलेला असतो, नकाशा केलेला असतो, चार नमुने तपासलेले असतात. यादीतले बहुसंख्य लघुग्रह दुर्बिणीतून दिसणाऱ्या प्रकाशाच्या ठिपक्यापलीकडे कोणी पाहिलेले नाहीत, आणि बहुतेकांचा तर वर्णपटही घेतलेला नाही. जी-४च्याही खालच्या पायरीवर उभे राहून नफ्याचा रकाना भरणे हे धाडस आहे.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात विदर्भातल्या एका चुनखडीच्या पट्ट्याचा अहवाल माझ्याकडे तपासणीला आला होता. एका खासगी कंपनीने उघड्या दिसणाऱ्या खडकाचे सात-आठ नमुने घेतले होते, सर्वांत चुन्याचे प्रमाण उत्तम होते, आणि त्या प्रमाणाला सगळ्या क्षेत्रफळाने आणि गृहीत धरलेल्या जाडीने गुणून साठा काढलेला होता. पुढे बोअरहोल घेतले तेव्हा नऊ मीटरखाली मातीचा जाड थर लागला आणि साठा निम्म्यावर आला. नमुने खरे होते, गुणाकारही बरोबर होता. खोटे होते ते मधले गृहीतक. अ‍ॅस्टेरँकची घडण अगदी तशीच आहे, फरक इतकाच की इथे नमुनेसुद्धा दुसऱ्याच दगडाचे, पृथ्वीवर पडलेल्या अशनीचे, आहेत.

असे असूनही ही सेवा मी बाद करत नाही, कारण तिच्यात एक रकाना असा आहे ज्याच्यावर मी खाण आखायला बसेन. तो म्हणजे डेल्टा-व्ही, अर्थात पृथ्वीच्या खालच्या कक्षेतून निघून त्या लघुग्रहाशी जुळवून घेण्यासाठी यानाला करावा लागणारा एकूण वेगबदल. खाणीच्या भाषेत हा खाणीपासून रेल्वे सायडिंगपर्यंतचा रस्ता समजा, पण असा रस्ता ज्याचे डिझेल अंतराच्या नव्हे तर चढाच्या प्रमाणात, आणि तेही चक्रवाढीने, जळते. हायड्रोजन-ऑक्सिजनच्या इंजिनातून वायू सेकंदाला साधारण ४.४ किलोमीटर वेगाने बाहेर पडतो. त्सिओलकोव्हस्कीच्या अग्निबाण-सूत्रात ही संख्या घातली तर पाच किलोमीटरच्या वेगबदलासाठी कक्षेतल्या तीन टनांपैकी जेमतेम एक टन लघुग्रहापर्यंत पोहोचतो, उरलेले इंधन. रयुगूला ४.६६ लागतात, यादीतल्याच अँटेरॉस या लघुग्रहाला ५.४४. हा पाऊण किलोमीटरचा फरक दिसायला किरकोळ आहे, पण त्यापायी सुरुवातीचे वजन सुमारे पाचव्या हिश्श्याने वाढते. चंद्राच्या पृष्ठभागावर उतरण्यासाठी कक्षेतून सहाच्या आसपास लागतात, हे लक्षात घेतले की कोट्यवधी किलोमीटर दूरचा लघुग्रह ‘जवळ’ का म्हटला जातो ते कळते. सहा लाख नावांतून अशी जवळची नावे क्षणात वर आणून देणे हे काम अ‍ॅस्टेरँक चोख करते आणि माझ्या मते तेच त्याचे खरे काम आहे.

त्या रकान्यालाही एक मर्यादा आहे: तिथे तारीख नाही. खाण जागची हलत नाही, लघुग्रह हलतो. रयुगूला सूर्याभोवती फिरायला ४७४ दिवस लागतात, त्यामुळे पृथ्वी आणि रयुगू यांची परस्परांशी तशीच जुळणी साधारण सव्वाचार वर्षांनी पुन्हा येते. यंत्र नादुरुस्त झाले, सुटा भाग हवा आहे, अशी वेळ आली तर पुढची स्वस्तातली गाडी तेव्हा. हायाबुसा-२ डिसेंबर २०१४मध्ये निघाले आणि डिसेंबर २०२०मध्ये त्याची नमुन्यांची कुपी ऑस्ट्रेलियाच्या वूमेरा भागात उतरली, सहा वर्षे. बँकेने १२ टक्के व्याज लावले तर सहा वर्षांनी हाती येणाऱ्या १०० रुपयांची आजची किंमत ५१ रुपयेही भरत नाही. यादीतल्या नफ्यात हा काळ कुठे धरल्याचे मला दिसले नाही. वेळापत्रकासाठी जेट प्रपल्शन लॅबोरेटरीचीच एन-हॅट्स ही दुसरी मोफत सेवा वापरावी. ती मुळात माणसांच्या सफरींसाठी बनवलेली आहे: जाऊन-येऊन एकूण वेगबदल १२ किलोमीटरच्या आत, मुदत ४५० दिवसांच्या आत आणि मुक्काम किमान आठ दिवस, अशा अटींत बसणारे लघुग्रह ती प्रस्थानाच्या तारखांसह देते. दिसायला ती रुक्ष आहे. फिरणाऱ्या कक्षा नाहीत, डॉलरही नाहीत. भाचीच्या गटाला ती पहिल्या दिवशी अजिबात आवडली नव्हती आणि शेवटी सर्वांत जास्त वापरली गेली तीच.

आता खाणीविषयी. लघुग्रहावर काय खणायचे, या प्रश्नाचे वर्तमानपत्री उत्तर प्लॅटिनम असे असते. त्याचा हिशेब लगेच उरकतो. लोह-निकेलच्या अशनींत प्लॅटिनम टनामागे काही ग्रॅमपासून काही दहा ग्रॅमपर्यंत सापडते. टनाला ३० ग्रॅम धरले तर एक टन प्लॅटिनमसाठी ३३ हजार टन धातू हाताळावा लागेल, आणि तो क्रशरमध्ये फुटणारा दगड नसून चिवट मिश्रधातू असेल. ग्रॅमला ३० डॉलर भाव धरला तर मिळकत तीन कोटी डॉलर. जगभरच्या खाणींतून वर्षाला १७० ते १९० टन प्लॅटिनम निघते, तेव्हा फायदा दिसेल इतका माल कोणी आणलाच तर भाव पडेल तो त्याच्याच मालाने. नुसत्या वर्णपटावरून केलेल्या अंदाजांचे काय होते याचे उदाहरण २०११ यूडब्ल्यू१५८ हा लघुग्रह: जुलै २०१५मध्ये तो पृथ्वीजवळून गेला तेव्हा त्यात ५.४ लाख कोटी डॉलरपर्यंतचे प्लॅटिनम असल्याच्या बातम्या झळकल्या, आणि अ‍ॅस्टेरँकच्या यादीत त्याच दगडाची किंमत साधारण ७०० कोटी डॉलर. ‘सर्वाधिक मौल्यवान’ या यादीत तर ओळीमागून ओळ ‘१०० लाख कोटी डॉलरहून अधिक’ एवढेच येते. साऱ्या जगाचे वर्षाचे उत्पन्न त्याच घरातले आहे. मग हा माल घेणार कोण, असा प्रश्न भाचीच्या गटातल्या एका मुलाने विचारला आणि मला तो मुलगा आवडला.

विकण्यासारखा माल आहे तो पाणी, आणि तोही पृथ्वीवर नव्हे तर अंतराळातच. पृथ्वीवरून एक किलो कोणतीही वस्तू खालच्या कक्षेत चढवायला आज काही हजार डॉलर पडतात. चंद्राच्या आसपास न्यायची तर त्याच्या काही पट. पाण्याचे विघटन केले की हायड्रोजन आणि ऑक्सिजन, म्हणजे इंधन. आम्ही १०० टन पाण्याची एक खाण मांडून पाहिली. कार्बनयुक्त दगडातून वजनाच्या आठ टक्के पाणी काढता येईल असे धरले, तर दगड लागतो १,२५० टन. ३५ टनी डंपरच्या छत्तीस खेपा. आमच्याकडे हे एका पाळीच्या आतले काम आहे. पाणी खनिजात बांधलेले असल्यामुळे दगड कित्येकशे अंशांपर्यंत तापवावा लागतो. किलोमागे ०.८ मेगाज्यूल उष्णता धरली तर एकूण सुमारे दोन लाख ऐंशी हजार युनिट होतात. १०० किलोवॉटची सूर्यभट्टी दिवसरात्र चालली तर चार महिन्यांत ते साधते, आणि पृथ्वीइतक्या अंतरावर त्यासाठी पंचाहत्तर चौरस मीटरचा आरसा पुरतो. तूट धरून दुप्पट घ्या. मला या आकड्यांनी खरोखर चकित केले. भट्टीचा खर्च हा अडथळा नाही.

अडथळा आहे तो दगड धरून ठेवण्याचा. बेन्नूवरून सुटून जायला सेकंदाला जेमतेम वीतभर वेग पुरतो. तिथे फावडे मारले तर फावडे मारणाराच उडेल. २० ऑक्टोबर २०२०ला ओसायरिस-रेक्सचा हात पृष्ठभागाला टेकला तेव्हा तो टणक जमिनीवर थांबला नाही. जवळजवळ अर्धा मीटर आत बुडाला, कारण बेन्नू म्हणजे स्वतःच्या किरकोळ गुरुत्वाने एकत्र राहिलेला खडीचा ढीग आहे. एप्रिल २०१९मध्ये हायाबुसा-२ने दोन किलोचा तांब्याचा गोळा सेकंदाला दोन किलोमीटर वेगाने रयुगूवर मारला, तेव्हा दहा मीटरहून मोठा खड्डा पडला. ब्लास्टिंगमध्ये हयात घातलेल्या माणसाला दोन किलोत एवढा खड्डा म्हणजे स्वप्नच, पण उडालेला माल खाली कधी बसेल, बसेल की नाही, याची हमी नाही. त्यामुळे खणण्याऐवजी लहान दगड अख्खाच पिशवीत घालून, पिशवीतच सूर्यप्रकाशाने तापवायचा, ही ट्रान्सअ‍ॅस्ट्रा कंपनीची कल्पना मला सर्वांत व्यवहार्य वाटते. साधारण साडेबारा मीटर व्यासाचा सच्छिद्र दगड असला की आमचे १,२५० टन भरतात. गंमत अशी की एवढे लहान दगड अ‍ॅस्टेरँकच्या मूल्यावर लागणाऱ्या याद्यांत वर येत नाहीत, कारण मूल्य आकारमानावर ठरते. ज्याची खाण होण्याची शक्यता सर्वांत जास्त, तो माल दुकानाच्या माळ्यावर.

पैशांचे गणित तरीही जुळत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. १०० टनांतले निम्मे पाणी परतीच्या प्रवासात इंधन म्हणून खर्ची पडेल असे धरले, तर विक्रीला ५० टन उरतात. किलोला ३,००० डॉलर धरले तर १५ कोटी डॉलर. ओसायरिस-रेक्स मोहिमेला सुमारे ११६ कोटी डॉलर लागले आणि तिने आणले १२१.६ ग्रॅम, ग्रॅमला ९५ लाख डॉलर. विज्ञानाच्या मोहिमेला खाणीचा दर लावणे अन्यायाचे आहे, हे मान्य. पण त्या मोहिमेतली एक गोष्ट कोणत्याही खाणव्यवस्थापकाने भिंतीवर लावावी: सप्टेंबर २०२३मध्ये युटाच्या वाळवंटात कुपी सुखरूप उतरल्यावर, नमुन्याच्या डब्याच्या ३५ पेचांपैकी दोन पेच हलेनात, आणि त्यांच्यासाठी नवी हत्यारे बनवून डबा पूर्ण उघडायला जानेवारी २०२४ उजाडला. प्रयोगशाळेत, माणसांच्या हाताखाली, दोन पेच. तेच पेच लघुग्रहावर अडले असते तर?

आणखी एक अडचण या हिशेबातच दडलेली आहे. अग्निबाण स्वस्त झाले की मोहीम स्वस्त होते, म्हणून खाण परवडेल, असे सगळे म्हणतात. पण पाण्याचा अंतराळातला भाव हा मुळात ते पृथ्वीवरून चढवण्याचा खर्च आहे. अग्निबाण निम्म्या दरात उडाले की आमच्या पाण्याचा भावही निम्मा होतो. खर्च आणि भाव एकाच दोरीला बांधलेले असे खनिज मी दुसरे पाहिलेले नाही. आराखडा करायचा तो या दोरीपासून दूर, म्हणजे जिथे पृथ्वीवरून माल नेणे कायमच महाग राहील अशा उंच कक्षांतल्या गिऱ्हाइकासाठी. अ‍ॅस्टेरँकमध्ये भाव कुठल्या ठिकाणचा, हे विचारण्याची सोयच नाही. माझ्या दृष्टीने ही त्यातली सर्वांत मोठी उणीव आहे, टनांच्या रकान्याहूनही मोठी. रयुगूवरचे निकेल रयुगूवर किती किमतीचे? सध्या तरी शून्य.

कायद्याचे थोडक्यात. मालकीविषयी अमेरिकेने २०१५मध्ये, लक्झेंबर्गने २०१७मध्ये आणि जपानने २०२१मध्ये कायदे करून काढलेला माल काढणाऱ्याचा असे ठरवले. १९६७च्या अंतराळ करारानुसार लघुग्रहावर मात्र कोणत्याच देशाला हक्क सांगता येत नाही. अशी संपत्ती साऱ्या मानवजातीची मानणाऱ्या १९७९च्या चंद्रकरारावर भारताने सही केली, त्याला मंजुरी दिली नाही, आणि जून २०२३मध्ये माल काढायला मोकळीक देणाऱ्या, अमेरिकेच्या पुढाकारातल्या आर्टेमिस करारांवरही सही केली. लीज कोण देणार आणि रॉयल्टी कोण घेणार, हे ठरायचे आहे. भावपत्रकात याची अपेक्षा मी करत नाही.

दरम्यान प्रत्यक्ष उद्योग कुठवर आला आहे? अ‍ॅस्ट्रोफोर्ज या कंपनीचे ओडिन हे यान २०२५च्या फेब्रुवारीत २०२२ ओबी५ या लहान लघुग्रहाकडे, केवळ तो धातूचा आहे का हे जवळून पाहण्यासाठी, निघाले आणि थोड्याच काळात त्याच्याशी संपर्क तुटला. मी त्या मंडळींना हसणार नाही. ती जी-४चे काम करायला निघाली होती, आणि सुरुवात तिथूनच व्हायला हवी. धातूच्या लघुग्रहांपैकी सर्वांत गाजलेल्या सायकीकडे नासाचे यान ऑक्टोबर २०२३मध्ये निघाले आहे आणि २०२९मध्ये पोहोचेल. त्याच्या लोखंडाची किंमत एकावर एकोणीस शून्ये इतके डॉलर, असे एकेकाळी सगळीकडे छापले गेले. नंतरच्या मोजणीत त्याची घनता घनसेंटिमीटरला चार ग्रॅमच्या आसपास निघाली, म्हणजे भरीव लोखंडाच्या जवळपास निम्मी. सुदैवाने त्या यानावर फावडे नाही, फक्त उपकरणे आहेत.

ज्यांना ही सेवा वापरायची आहे त्यांनी ती दुर्बिणीसारखी वापरावी, तराजूसारखी नाही. ‘सर्वाधिक सुगम’ ही यादी उघडावी, डेल्टा-व्हीच्या क्रमाने लावावी, वर्णपटाचा प्रकार माहीत असलेली नावे वेगळी काढावी आणि मूल्य व नफा या दोन रकान्यांवर कागदाची पट्टी ठेवावी. मी खरोखरच पडद्यावर एक पट्टी चिकटवली होती. विद्यार्थ्यांसाठी, शिक्षकांसाठी आणि आकाशाची हौस असलेल्यांसाठी ती उत्तम आहे. गुंतवणुकीच्या सादरीकरणात तिचा एखादा आकडा दिसला, तर तो दाखवणाऱ्याला टन विचारावेत.

भाचीच्या गटाने अखेर दोन लघुग्रह अंतिम फेरीत ठेवले, तेच दोन, कारण ज्यांचा दगड प्रयोगशाळेत हाताळला गेला आहे असे पाण्याचे दुसरे नाव यादीत नव्हते. पिशवीत मावेल असे धोंडे दोन्हींच्या पृष्ठभागावर विखुरलेले आहेतच. मग त्यांनी दोघांची पृथ्वीशी जुळणी किती वर्षांनी येते ते काढले. बेन्नूची सहा वर्षांनी, रयुगूची सव्वाचार वर्षांनी. खाणीला गाडी लवकर मिळणे महत्त्वाचे, म्हणून रयुगू ठरला. अ‍ॅस्टेरँकच्या यादीत तो बेन्नूच्या वर होता, तसाच त्यांच्या अहवालातही तो वर राहिला. फक्त त्याच्यापुढे ३,००० कोटींच्या जागी उणे चिन्ह आले, आणि शेजारी टनांचा रकाना.